दुपारची गाणी आणि माझं तोंड

दुपारची जुनी गाणी बंद होऊ नयेत म्हणून मी रेडिओ स्टेशनला फोन केला आणि गाणी बंद पाडली.

यात स्टेशनवाल्यांचा काही कट नव्हता. ते बिचारे सरळ विचारत होते, गाणी हवीत की गप्पा? मी गाण्यांच्या बाजूने उभा राहिलो आणि गाणी हरली. असा वकील मिळाला तर चोर नसलेला माणूसही आत जाईल.

मी मुलुंड पूर्वेला राहतो. इमारत जुनी, लिफ्ट नसलेली. रीडेव्हलपमेंटची मीटिंग दर उन्हाळ्यात होते आणि गणपतीपर्यंत सगळे ती विसरतात. विमा कंपनीतून निवृत्त झालो तेव्हा घरात दोन माणसं होती, आता एक आहे. मुलगी बंगळुरूला असते. ती रोज फोन करते आणि रोज विचारते, "बाबा, जेवलात ना?" मी हो म्हणतो. मग तिची कसली तरी मीटिंग सुरू होते. माझी कुठलीच मीटिंग सुरू होत नाही.

बायको होती तेव्हा घरात रेडिओ सकाळपासून चालू असायचा. आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, हिला गाण्याची केवढी आवड! खरं कारण वेगळं होतं. मी एखादी गोष्ट सांगायला लागलो की ती शांतपणे उठायची आणि रेडिओचा आवाज वाढवायची. भांडण नाही, टोमणा नाही. गोष्ट बरी असेल तर थोडा वाढवायची, आधी ऐकलेली असेल तर भरपूर. रेडिओच्या बटणावरून मला माझ्या गोष्टीचे मार्क कळायचे. शेवटी शेवटी तिला उठवत नव्हतं, तेव्हा पलंगावरून नुसतं बोट फिरवून दाखवायची. मी मुकाट्याने उठून आवाज वाढवायचो आणि स्वतःला गप्प करायचो.

ती गेल्यावर बटण जिथे होतं तिथेच राहिलं. वाढवायला कोणी नाही आणि वाढवावा असं बोलणंही नाही.

दुपारी दोन ते चार जुनी मराठी-हिंदी गाणी लागायची. निवेदिका कमी बोलणारी होती. गाण्याचं नाव सांगायची आणि बाजूला व्हायची. वाढून झाल्यावर पंगतीतून हळूच सरकतात ना, तशी. ते दोन तास मला फार बरे जायचे. कारण तेवढे दोन तास मी एकटा ऐकत नसे.

शेजारच्या घरात एक वहिनी राहतात. त्यांचे यजमान बेस्टमध्ये होते. तेही गेले, त्याला बरीच वर्षं झाली. मूळच्या अकोल्याकडच्या. हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याच्याखाली शिलाई मशीन आणि मशीनच्या बाजूला साड्यांचे ढीग. आमच्या भागातल्या निम्म्या बायकांच्या साड्यांना फॉल-बिडिंग त्यांच्याच हातचं असतं. माझी बायको आणि त्या मैत्रिणी. वहिनी तिला ताई म्हणायच्या आणि मला भाऊजी. मुंबईत चाळीस वर्षं काढून त्यांचं बोलणं आमच्यासारखंच झालंय, फक्त रागावल्या किंवा हसल्या की अकोला बाहेर येतं.

त्यांच्या मशीनची भिंत तीच माझ्या हॉलची भिंत. त्यांचा रेडिओही त्याच स्टेशनवर. भिंत अशी पातळ की दोन्हीकडे एकच गाणं लागलं की ते कुठून येतंय ते कळायचं नाही. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, परत आलो, तरी एक ओळ चुकायची नाही. इकडून सुटली की तिकडून पकडायची. अधूनमधून त्यांची मशीन थांबायची. एखादं गाणं खास आवडीचं असलं की थांबायची, हे मला हळूहळू कळायला लागलं. त्यांची कोणती गाणी आवडीची आहेत हे मी कधीच विचारलं नाही, पण मला माहीत होतं. माझी त्यांना माहीत होती की नाही, कोण जाणे. जिन्यात भेटलो तर पाणी आलं का आणि कचरेवाला आला का, एवढंच बोलणं. बाकीचं दोन ते चार.

एक दिवस त्या कमी बोलणाऱ्या निवेदिकेच्या जागी एक दमदार आवाजाचा मुलगा आला आणि म्हणाला, "दोस्तहो, दुपार बदलतेय! जुनी गाणी हवीत की मनमोकळ्या गप्पा? महिनाभर आपण दोन्ही करून बघणार. तुम्ही फोन करायचा, तुम्हीच ठरवायचं!"

भिंतीपलीकडे मशीन थांबली. गाणं नव्हतं तरी थांबली.

संध्याकाळी वहिनी दारात उभ्या. हातात सुईदोरा तसाच.

"ऐकलं ना भाऊजी?"

"ऐकलं."

"मग फोन करा की."

"मी?"

"मग काय मी करू? मला नाही जमत ते मशीनवर बोलणं. एक दाबा, दोन दाबा. तुम्ही ऑफिसात होता, तुम्हाला सवय आहे."

"काय सांगू?"

"काय सांगू म्हणजे? गाणी ठेवा म्हणावं." मग म्हणाल्या, "माझे डोळे साडीत असतात ना. टीव्हीकडे बघितलं तर टाका वाकडा जातो. बोलणं ऐकायचं तर मान वर करावी लागते. गाण्याला मान वर करावी लागत नाही. एवढ्यासाठी म्हणते."

मी म्हटलं, "काळजी करू नका. असं पटवून देतो की बघत राहतील."

"पटवू नका," त्या म्हणाल्या. "फक्त सांगा."

माणसाने नीट ऐकायची सवय ठेवली तर आयुष्यात किती गोष्टी टळतील! पण मी तेव्हा मनात भाषण जुळवत होतो.

दुसऱ्या दिवशी फोन लागला. एका मुलीने उचलला. ती कार्यक्रमाची प्रोड्यूसर. "काका, आधी तुमचा रेडिओ बंद करा. नाहीतर आवाज परत येतो, शिट्टी वाजते. बंद केलात? एकदम बंद? ओके, लाइनवर थांबा."

मी रेडिओ बंद केला. हा नियम लक्षात ठेवा. यात माझी सगळी वाट लागली.

मग तो दमदार मुलगा आला. "बोला काका, गाणी की गप्पा?"

सरळ उत्तर देणं मला जन्मात जमलेलं नाही. मी म्हटलं, "त्याचं काय आहे, आमचं नवीन लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट सांगतो." आणि सांगितली. लग्नानंतर फिरायला जायला पैसे नव्हते म्हणून आम्ही दोघं फेरीबोटीने गोराईला गेलो होतो. बायकोवर छाप पाडायला मी नवाकोरा ट्रान्झिस्टर टॉवेलात गुंडाळून नेला होता. धक्क्यावर एका कोळीणबाईला मी त्याची एरियल कशी लांब होते ते दाखवायला लागलो. बाई म्हणाली, "दादा, मागं बघ." मी मागे न बघता आणखी एक पाऊल मागे गेलो. गुडघ्यापर्यंत चिखलात. ट्रान्झिस्टर कमरेपर्यंत, म्हणजे त्याच्या कमरेपर्यंत. वाळवल्यावर तो चालू झाला, पण त्यानंतर त्याच्यावर एकच स्टेशन लागायचं. काटा फिरवला तरी तेच. बायको म्हणाली होती, "बरं झालं. निवडायची कटकट गेली."

तो मुलगा हसला. खरं हसला. मागे ती प्रोड्यूसरही हसत होती. खूप दिवसांत माझ्या बोलण्यावर कोणी हसलं नव्हतं. मुलगी फोनवर हसते, पण त्या हसण्यात 'बाबा बरे आहेत ना' असा प्रश्न असतो. हे हसणं फुकटचं होतं. मला ते चढलं.

मुद्दा मी शेवटासाठी राखून ठेवला होता. गोष्ट सांगणारा माणूस मुद्दा आधी कशाला सांगेल? गोष्ट नीट गुंडाळली, श्वास घेतला आणि घरभर घुमेल अशा आवाजात म्हटलं, "म्हणून माझं एकच सांगणं आहे. गाणी ठेवा!"

पलीकडून काहीच आलं नाही. मला वाटलं, भारावले असतील. थोड्या वेळाने ती मुलगी लाइनवर आली, "थँक्यू काका, झकास झालं! उद्या येणार का परत?"

मी फोन ठेवला, चहा टाकला, मग आठवण झाली तेव्हा रेडिओ लावला. गाणं नव्हतं. घाटकोपरच्या एक बाई सांगत होत्या की, मुलुंडच्या काकांची गोष्ट ऐकून त्यांना त्यांच्या मिस्टरांची छत्री आठवली. मग बोरिवलीचे कोणी गृहस्थ मुलुंडच्या काकांना नमस्कार सांगत होते. मी खुर्ची ओढून रेडिओजवळ बसलो. माझ्याबद्दल बोलणं चाललेलं असताना गाणं का लागत नाही, असा प्रश्न कोणाला पडेल? मला तरी नाही पडला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचाच फोन यायला लागला. मी जेवण लवकर उरकायचो. दाढी करायचो. मिठाच्या गुळण्या करायचो. रेडिओवर कोणी बघत नाही हे मला माहीत आहे, तरी इस्त्रीचा शर्ट घालायचो. बनियनवर बसून बोललो तर बोलणं बनियनसारखं होतं, अशी माझी समजूत. मग रेडिओ बंद करायचा आणि फोन हातात घेऊन वाट बघत बसायचं.

ऑफिसच्या जेवणाच्या डब्यात चुकून बायकोच्या केसांच्या पिना गेल्या होत्या ती गोष्ट सांगितली. साहेबांचे सासरे गेले असं समजून त्यांना पहिला हार मीच घातला, आणि ते अजून जिवंत होते, ती सांगितली. आरे कॉलनीत दूध केंद्रावर रांगेत उभं राहून मी एका म्हशीला "जरा सरका" म्हणालो, तीही सांगितली. प्रत्येक गोष्टीत कुठून तरी एखादं जुनं गाणं आणून बसवायचो, म्हणजे विषय सुटला असं कोणी म्हणू नये. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी, श्वास घेऊन, मोठ्याने: गाणी ठेवा!

औषधाच्या दुकानातला मालक एकदा गोळ्या देता देता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "काका, तो आवाज तुमचाच ना? म्हैसवाले?" मी नको नको म्हणत पूर्ण गोष्ट परत सांगितली. मागे रांग लागली. भाजीवाला मला पूर्वी नुसता भाव सांगायचा, आता "काय काका, आज कुठली गोष्ट सोडली?" असं विचारायला लागला. या वयात ओळख मिळाली की माणूस लहान पोरासारखा वागतो. मी तर लहान पोरापेक्षा वाईट वागत होतो, कारण पोराला घरी कोणी तरी ओरडतं.

घरी परत आलो की कुलूप उघडायचं. आतून कोणी विचारायचं नाही, आज कुठली सोडली. मग मी चप्पल काढता काढता उद्याची गोष्ट मोठ्याने म्हणून बघायचो. रेडिओचं बटण समोर असायचं. ते हलायचं नाही, म्हणून गोष्ट चांगली असणार, असं मी धरून चालायचो.

वहिनींचं काय चाललं होतं ते सांगायचं राहिलं. मी बोलायला लागलो की त्यांची मशीन थांबायची. याची मी नोंद ठेवून होतो. आवडीचं गाणं लागलं की थांबते तशीच माझ्या बोलण्यालाही थांबते, हे बघून मला धन्य वाटायचं. एकदा मी साहेबांच्या सासऱ्यांपर्यंत आलो असताना भिंतीवर टक टक टक झालं. कात्रीच्या मुठीने असणार. मी मनात म्हटलं, वा! दाद द्यायची ही एक पद्धत झाली. आणि गोष्ट आणखी लांबवली.

जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, जरा..."

मी म्हटलं, "ऐकताय ना? चाललीय आपली लढाई. जिंकणार बघा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाणी आलं का विचारलं आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, आपल्या प्रसिद्धीने माणूस बुजतो. आपणच आता जरा साधं वागायला हवं.

महिना संपत आला तेव्हा त्या प्रोड्यूसर मुलीचा सकाळीच फोन. "काका, निर्णय झालाय! पण फोनवर नाही सांगणार. शुक्रवारी स्टेशनवर या. तुम्हीच पाहिजे आम्हाला."

आता काय राहिलं होतं? मी वहिनींच्या दारावर टकटक केली. "झालं काम. सत्काराला बोलावलंय."

त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "खरं?"

"म्हणजे काय! नाहीतर मला कशाला बोलावतील?"

"असेल बाबा," त्या म्हणाल्या. आत जाऊन डब्यातून बेसनाचे लाडू घेऊन आल्या, कागदात बांधून. "तिथल्या पोरांना द्या. आणि विचारून या, त्या पहिल्या बाई परत येणार का? कमी बोलायच्या त्या."

शुक्रवारी मी बसने अंधेरीला गेलो. पवई ओलांडल्यावर आरेच्या बाजूची झाडं दिसायला लागली, तेव्हा खिडकीशी बसून आभाराचं भाषण जुळवत होतो. लाडू मांडीवर. स्टेशन म्हणजे एका काचेच्या इमारतीतला एक मजला. मला वाटलं होतं, तबकड्यांची कपाटं असतील, कोणी म्हातारे गृहस्थ चष्मा लावून गाणी शोधत असतील. तिथे एक कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासमोर कोणी बसलेलं नव्हतं. गाणं आपोआप लागत होतं, आपोआप संपत होतं. मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिलो. म्हणजे दुपारी दोन ते चार तिकडेही कोणी नसायचं तर, निवेदिकेचा आवाजही आधीच भरून ठेवलेला असणार. ऐकणारे आम्ही दोघं, मध्ये भिंत, आणि लावणारं कोणी नाही.

"काका, इकडे!" त्या मुलीने हाक मारली. माझ्या मुलीपेक्षा बरीच लहान. मोठ्या टेबलावर केक होता. केकवर क्रीमने लिहिलं होतं: गप्पा.

मी ते दोनदा वाचलं.

दमदार आवाजाचा मुलगा प्रत्यक्षात किडकिडीत निघाला. त्याने माझा हात धरून जोरात हलवला. "काका, खरं सांगू? आमचं ठरतच नव्हतं. अर्धे म्हणत होते जुनी गाणी ठेवू, आपला तो ऐकणारा वर्ग पक्का आहे. अर्धे म्हणत होते, गप्पा करू. मग तुम्ही आलात!"

"गाणं लागलं की लोक दुसरीकडे जायचे," मुलगी म्हणाली, "आणि तुम्ही बोलायला लागलात की कोणी जायचंच नाही. फोनवर फोन. बॉस म्हणाले, एक साधा काका जर दुपारी लोकांना असं धरून ठेवतो, तर गाणी लावायची कशाला? तुमच्यामुळे ठरलं, काका!"

"पण मी तर सांगत होतो की..."

"कापा, कापा!" कोणी तरी सुरी माझ्या हातात दिली.

आता इथे एखाद्या शहाण्या माणसाने सुरी खाली ठेवली असती. म्हणाला असता, थांबा, माझ्या शेजारच्या बाई आहेत, त्यांचे डोळे साडीत असतात. दोन वाक्यांचं काम होतं. पण सगळे माझ्याकडे बघून हसत होते, मोबाइल वर धरलेले होते, आणि इतकी माणसं माझ्याभोवती गोल करून उभी आहेत असं बायकोच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच होत होतं. मी केक कापला. टाळ्या वाजल्या. बोला काका, बोला, असं कोणी म्हणालं. मी बोललो. म्हशीचीच गोष्ट परत सांगितली. ती तिथेही चालली.

लाडू मी तिथेच दिले. सगळ्यांनी खाल्ले आणि मस्त आहेत म्हणाले. त्या कमी बोलणाऱ्या बाई परत येणार का हे विचारायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे विचारलं नाही. उत्तर केकवर लिहिलेलं होतं.

परतीच्या बसमध्ये मी भाषण जुळवलं नाही. हाताला क्रीम लागलं होतं, ते रुमालाला पुसत बसलो.

वहिनींना मी काही सांगितलं नाही. सोमवारी रेडिओने सांगितलं. दोनच्या ठोक्याला नवी धून वाजली आणि तो मुलगा ओरडला, "दोस्तहो, गप्पा!" भिंतीपलीकडे त्यांच्या रेडिओतूनही तोच ओरडला. आणि मग तिकडचा आवाज बंद झाला. एकदम. बटण फिरवल्याचा आवाज येत नाही, पण मला तो आला.

मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, फोन हातात घेऊन बसलो होतो. फोन आला नाही. स्टुडिओत नात्यांवर बोलणारी एक सल्लागार बाई आली होती. दुसऱ्या दिवशी पैसे कसे गुंतवावेत यावर एक जण. तिसऱ्या दिवशी मी स्वतःहून फोन लावला. ती प्रोड्यूसर मुलगी फार गोड बोलली. "काका! कसे आहात? नाही, आता कसं झालंय, रोजचे विषय ठरलेले असतात. आज 'नात्यातली स्पेस' आहे. तुमच्याकडे स्पेसवर काही आहे का?"

माझ्याकडे भरपूर स्पेस होती. हॉल, स्वयंपाकघर आणि आतली खोली. पण त्यावर गोष्ट नव्हती. मी म्हटलं, "बघतो." तिने थँक्यू काका म्हटलं आणि त्यानंतर फोन आला नाही.

बंगळुरूला माझ्या मुलीला सांगितलं तर तिने फोनवरून सांगत सांगत मोबाइलवर एक ॲप घालायला लावलं. त्यात जगातली सगळी जुनी गाणी आहेत. मी दुपारी दोन वाजता लावून बघितली. हवं ते गाणं नाव घेतलं की लागतं. लागलं की कळतं, ही साथ नव्हे. आपणच निवडलेलं गाणं म्हणजे आपणच आपल्याला चहा विचारण्यासारखं आहे. पूर्वी पुढचं गाणं कुठलं हे मला माहीत नसायचं, वहिनींनाही माहीत नसायचं, आणि ते एकाच वेळी दोघांना कळायचं. मी मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला, आवाज पूर्ण वाढवला. त्यांच्या खास आवडीचं गाणं लावलं. तिकडे मशीन चालूच राहिली.

थोडे दिवस असेच गेले. दुपारी नुसती मशीन. कधी लांब, कधी तुटक. मी तिच्यावरूनच ओळखायला लागलो की आता काठ चाललाय, आता पदर. ऐकायला तेवढंच उरलं होतं.

शेवटी मी एक कारण काढलं. कपाटात बायकोची एक साडी होती, घेतलेली पण फॉल न लावलेली. ती घेऊन शेजारी गेलो. दार उघडंच होतं. वहिनी मशीनवर, मान खाली.

"मुलगी येणार आहे दिवाळीला. तिच्यासाठी."

त्यांनी साडी हातात घेतली, काठ चाचपला. "ताईंची ना ही? दादरहून आणली होती. मीच होते बरोबर." मग ढिगावर न ठेवता बाजूला खुर्चीवर ठेवली. "ठेवा. करते."

मी जायला हवं होतं. पण मी म्हटलं, "वहिनी, ते गाण्यांचं काय झालं, जरा नीट सांगतो. त्याचं असं आहे, मी त्यांना पहिल्या दिवसापासून सांगत होतो, पण या रेडिओवाल्यांची काम करायची पद्धत..."

त्यांनी मशीन सुरू केली. मोठ्याने. मी थांबलो. मशीन थांबली. मी पुन्हा सुरुवात केली, "म्हणजे बघा, स्टेशनवर गेलो तर तिथे एक रिकामी खुर्ची..." मशीन पुन्हा सुरू. त्या मशीनवर कापडच नव्हतं. नुसती सुई वरखाली होत होती. अशा तऱ्हेने मला गप्प केलं जाण्याची मला फार जुनी सवय आहे, आणि ती सवय इतक्या दिवसांनी अंगावर आली. मी हसलो.

"तुम्हीही तसंच करायला लागलात," मी म्हटलं.

त्यांनी मशीन बंद केली आणि चष्मा कपाळावर घेतला.

"भाऊजी, मी सगळं ऐकत होते. एकदा भिंतीतून, एकदा रेडिओतून. रोज दोन-दोनदा."

"मग ऐकलंत ना? रोज शेवटी मी सांगायचो."

"सांगायचे. ते भिंतीतून यायचं. रेडिओवर तुमचं बोलणं त्याच्या आधीच कापलेलं असायचं. तुम्ही इकडे 'गाणी ठेवा' म्हणून ओरडत होता तेव्हा तिकडे साबणाची जाहिरात चालू असायची. रोज. मी भिंत ठोकली, तुम्ही थांबला नाहीत. जिन्यात सांगायला आले, तुम्ही लढाई सांगायला लागलात."

मी साडीकडे बघत उभा राहिलो. मग म्हटलं, "अहो, पण गोष्टीत मुद्दा नेहमी शेवटी..."

"बाप्पा!" त्यांनी कपाळावर हात मारला, आणि आता पुरतं अकोला बाहेर आलं. "तुम्हाले दोन शब्द सांगाले धाडलं होतं जी. ते दोन सोडून बाकी सगळं बोलले तुम्ही."